माहेरी कोणी घोरत नाही

प्रिय चंदना,

त्या दिवशी सकाळी मी गोठा झाडला, शेण उकिरड्यावर नेऊन टाकलं, विहिरीवरून पाण्याच्या खेपा केल्या आणि चूल पेटवून तुझ्या दादाला चहा दिला. तो दारात बसला होता, कुडाला पाठ टेकून. मी आत नाचणीची भाकर थापत होते. एक भाकर तव्यावर पडली, दुसरी हातावर होती, तेवढ्यात बाहेर कोंबड्यांचा गलका झाला म्हणून वाकून बघितलं, तर ह्याची मान छातीवर पडलेली, बशी कलंडलेली आणि अंगणात सांडलेल्या चहाभोवती कोंबड्या जमलेल्या. मी म्हटलं, अरे ऊठ की, जमिनीला चहा पाजतोस काय? त्याने डोळे उघडले, माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, जमीनच कसते ना मला, तिला आधी. मग डोकं दाबत बसला. सकाळी त्याचं डोकं नेहमीच दुखायचं. मी कपबशी धुतली, भाकर उलटली, बैल सोडले. काहीच वेगळं नव्हतं त्या सकाळी. अशा सकाळी आमच्या घरात वर्षानुवर्षं झाल्या, म्हणून तर ती मला आठवते.

तुझी खबर तुझी लेक योगिता देते. रक्ताच्या पिशव्या चढवून झाल्या, आता चेहऱ्यावर थोडी लाली आली आहे म्हणाली. गर्भाशयाची गाठ काढायची तारीख मिळाली होती ती डॉक्टरांनी पुढे ढकलली, रात्री बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा आणि अंगाला वायरी लावून तुझी झोप तपासली, आणि आता नाकातोंडावर मुखवटा बांधून झोपवतात, हेही कळलं. तू चिडली आहेस. तुझं बरोबर आहे. वांगणीला तुमचं लवकर येणारं हळवं भात पिवळं पडायला आलंय, घरी जिवाभाऊ तुझ्याविना एकटे, आणि तू तिकडे नाशिकला खाटेवर. शिवाय तू योगिताशी बोलत नाहीस असंही समजलं. तिने आणलेला डबा तसाच परत पाठवतेस. पोरगी फोनवर रडत होती. त्याबद्दल मी पुढे लिहिणार आहे, आधी बाकीचं वाच.

फोन केला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. आवडलं नाही की आवाज येत नाही म्हणतेस आणि ठेवून देतेस. पत्र ठेवून दिलंस तरी ते उशाशी राहील. तू आश्रमशाळेत चौथीपर्यंत गेलीस, मी माझ्या हरेशच्या पुस्तकांवरून शिकले, त्याचा गृहपाठ मीच आधी करायची म्हणून तू मला चिडवायचीस. अक्षर अजून तसंच आहे. तुला दिसावं म्हणून मोठं काढलंय.

परवा आपल्या पाड्यावरचा तुका आला होता. सध्या वरईत डुकरं येतात, पण तो शेतातल्या राखणीच्या माळ्यावर झोपत नाही, गोरखला पाठवतो. गोरख म्हणजे त्याचा धाकटा, मोबाइलवर गाणी लावून बसतो. तुका म्हणाला, वहिनी, डुकरं आता गाण्यांना सरावली, ढवळूसारखा आवाज कुठून आणायचा? मी हसले. चांगलं वाटतं कोणी तुझ्या दादाचं नाव हसून घेतलं की.

तुला तर सगळं ठाऊक आहे. भादव्यात दाणा भरायला लागला की तुझा दादा माळ्यावर झोपायला जायचा, आणि त्याचं घोरणं पलीकडच्या डोंगराला लागून परत यायचं. त्याच्या शेतात डुक्कर फिरकायचं नाही. लोक थट्टा करायचे, आणि हळूहळू खरंच बोलवायला लागले. ढवळू, आज आमच्या माळ्यावर ये रे, कोंबडी कापतो. तो जायचाही, ऐटीत, घोंगडी खांद्यावर टाकून. जाताना मला म्हणायचा, बघ, लोकांना जागायचे पैसे मिळतात, मला झोपायची कोंबडी मिळते. पण त्याचं घोरणं सलग नसायचं. वाढत वाढत जायचं आणि मध्येच एकदम बंद पडायचं, अंगणातलं जातं कोणी हाताने धरल्यासारखं. तसं बंद पडलं की डुकरं येतील म्हणून शेजारी झोपलेला तुका बांबूची काठी घेऊन त्याच्या बरगडीत ढोसायचा. मग तुझा दादा पाण्यातून वर आल्यासारखा मोठा श्वास ओढायचा, कूस बदलायचा आणि पुन्हा सुरू. सकाळी त्याच्या बरगडीवर वळ असायचे आणि तुका सगळ्या पाड्याला सांगायचा, आमचं इंजिन रात्री किती वेळा बंद पडलं ते. घरी असला की ते काम माझ्या कोपराचं. मी झोपेतच ढोसायची, मला जागही यायची नाही. लेकरू रडलं की हात आपोआप झोळीला जातो ना, तसं. आम्हाला वाटायचं आम्ही पीक राखतो, नाहीतर आपली झोप राखतो. आणखी काय राखत होतो ते तेव्हा तुकालाही माहीत नव्हतं आणि मलाही नाही.

पुरुषाच्या घोरण्याची अशी गोष्ट होते. बाईच्या घोरण्याची होत नाही. तूही घोरतेस, चंदना. कागदावर लिहिलेलं बघून तुला राग येईल, पण मी तुझ्याशेजारी झोपले आहे, लग्न होऊन आले तेव्हापासून तुझं लग्न होईपर्यंत. तुझं आणि दादाचं घोरणं सारखंच, तेच वाढणं, तेच बंद पडणं. सासूबाई तुला कुशीवर वळवायच्या आणि पाठीमागे उशी लावायच्या. तू वांगणीला गेलीस तेव्हा त्यांनी तुला काय सांगितलं तेही मी ऐकलंय, सगळे झोपल्याशिवाय झोपू नको आणि सगळ्यांच्या आधी ऊठ. तरी तुझी सासू पहिल्याच आठवड्यात शेजारणीला म्हणाली, सून आणली की रेडा बांधला घरात? ते तू मला दिवाळीला सांगितलंस आणि सांगताना हसलीस, पण भाकर तशीच ठेवून उठलीस. मग वीटभट्टीवर गेलात. तिथे झोपड्या एकमेकीला चिकटून, एका घरात खोकला तर दुसऱ्या घरात कळतो. तिथे तू बसून झोपायला शिकलीस, पाठ भिंतीला, पदर हनुवटीखालून बांधलेला. दात दुखतात म्हणून सांगायचीस. हरेशच्या लग्नात तू रात्रभर बायकांबरोबर गाणी म्हटलीस आणि सगळ्या म्हणाल्या, आत्याला भारी हौस. मला ठाऊक होतं हौस कसली ती. पाहुण्यांनी भरलेल्या घरात तुला डोळा लागू द्यायचा नव्हता. दुसऱ्या दिवशी तू वरातीत चालता चालता पेंगत होतीस.

आता दादाचं लिहिते. तू तिथे होतीस, तरी लिहिते.

कौलं चाळायला वर चढला आणि वासा मोडून खाली आला. मांडीचं हाड मोडलं. जव्हारला नेलं, तिथून नाशिकला पाठवलं, ऑपरेशन करून आत सळई घातली. ते नीट झालं. पण पडून पडून छातीत कफ साठला, ताप चढला, नाकाला ऑक्सिजनची नळी लागली. दुखणं इतकं की तो ओठ चावायचा. पाय बांधलेला, कुशीवर वळता येईना, आडवं झालं की घुसमटायचं, म्हणून झोपच नाही. असे दिवस गेले. मग त्या दुपारी त्याला दुखणं थांबायचं इंजेक्शन दिलं, आणि थोड्या वेळात तो झोपला. उताणा. आणि घोरायला लागला.

आठवतं ना तुला, आपल्याला किती बरं वाटलं? मी कितीतरी दिवसांनी श्वास सोडला. पाड्यावरून तुका आला होता, तो म्हणाला, इंजिन सुरू झालं, आता काळजी नाही. पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा कुरकुरला तर आपण त्याला हात जोडले. तू उशाशी बसली होतीस. तू म्हणालीस, दादा घरी असल्यासारखा झोपलाय गं वहिनी. आपल्याकडे घोरणं म्हणजे माणूस सुखाने झोपला, दमलेला होता, पोटभर जेवला. ते बंद पडलं तेव्हा तुकाचा हात पुढे गेला. मी बघितलं. तो पुढे गेला आणि मध्येच थांबला, कारण आजारी माणसाला, एवढ्या दिवसांनी झोपलेल्याला, दवाखान्यात कोण ढोसेल? श्वास परत सुरू झाला, आपणहून. मग पुन्हा बंद, पुन्हा सुरू. आपल्या बोलण्याने त्याची झोप मोडू नये म्हणून आपण सगळे उठून बाहेर गेलो, व्हरांड्यात फडकं पसरून भाकरी सोडल्या. तुकाने आणलेली सुकट होती. मी त्या दिवशी पोटभर जेवले.

परत आलो तेव्हा तो तसाच उताणा होता आणि आवाज नव्हता.

धावपळ झाली, छाती दाबली, सगळं केलं त्यांनी. हृदय बंद पडलं म्हणाले. कागदावरही तेच लिहिलं. मला त्यांना दोष द्यायचा नाही. तिथे खाटा भरलेल्या होत्या, जमिनीवरही माणसं होती, सिस्टर एकटी पळत होती. आणि त्यांना आपण काही सांगितलंच नव्हतं. कोणी विचारलं नाही आणि आपल्याला सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंही नाही. आजार असता तर सांगितला असता. घोरणं काय सांगायचं?

त्यानंतर वर्षभराने मी जव्हारला माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या आणायला गेले. तिथे एक डॉक्टरबाई आहेत, घाई करत नाहीत. त्यांनी घरात कोणाला काय आजार म्हणून विचारलं तेव्हा मी दादाचं सांगितलं, आणि का कोण जाणे, माळ्याचं आणि तुकाच्या काठीचंही सांगितलं. मला वाटलं त्या हसतील. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, ते बंद पडायचं तेव्हा काय व्हायचं ते मला नीट सांगा.

मग त्यांनी मला समजावलं. काही माणसांचा झोपेत घसा मागून सैल पडून मिटतो. छाती हलते, पण वारा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरायला लागला की अंगच त्या माणसाला अर्धवट जागं करतं, तो मोठा श्वास ओढतो आणि पुन्हा झोपतो. त्याला स्वतःला आठवतही नाही. रात्रभर असं चालतं, म्हणून सकाळी डोकं दुखतं आणि दिवसा बसल्या बसल्या डुलकी लागते. धडधाकट माणूस असा पुष्कळ वर्षं जगतो, आतून रक्तदाब वाढत आणि हृदय झिजत असतं तेवढंच. पण तोच माणूस गंभीर आजारी पडला, छाती कफाने भरली, रक्त कमी झालं, किंवा भुलीचं, झोपेचं, दुखण्याचं जोरदार औषध दिलं, की अंगाला ते जागं करणं जमत नाही. घसा मिटतो आणि मिटलेलाच राहतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं माणूस शांत झोपला. मी विचारलं, मग अशा माणसाचं ऑपरेशन करायचंच नाही का? त्या म्हणाल्या, करायचं, का नाही करायचं? आधी कळलं तर सगळं वेगळं ठरवता येतं. भूल कुठली द्यायची, दुखण्याचं औषध किती द्यायचं, उताणं झोपवायचं नाही, डोकं वर ठेवायचं, श्वासाचं यंत्र लावायचं, बोटाला लावलेला चिमटा उतरवायचा नाही, रात्रभर कोणीतरी लक्ष ठेवायचं. फक्त आधी कळायला हवं.

मी गाडीत बसून पाड्यावर आले. घरात कोणी नव्हतं. दारात बसले तर ती कलंडलेली बशी आठवली. चंदना, तो आळशी नव्हता. आम्ही सगळे त्याला आळशी म्हणायचो, ग्रामसभेत पेंगतो म्हणून हसायचो, औत धरून उभ्या उभ्या झोपतो म्हणायचो. तो बिचारा रात्रभर दमून यायचा. त्यानंतर जव्हारच्या वाचनालयातून मी आरोग्याची पुस्तकं आणली, मिळतील ती. काही कळली, काही नाही. हे माणसाच्या बांध्यात असतं, एका घरात पुष्कळांना असतं, मान आखूड आणि जाड असली की जास्त, हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. तुझी मान आठवली. तुला तेव्हाच सांगायला हवं होतं असं तू म्हणशील. मी सांगितलं होतं, होळीला, तू पापड लाटत होतीस. तू म्हणालीस, वहिनी, पुस्तकं कमी वाच.

गेल्या मंगळवारी योगिताचा फोन आला. आधी हसत होती. मामी, भूल देणाऱ्या डॉक्टरबाई आल्या होत्या, आईला विचारत होत्या, झोपेत घोरता का, दिवसा झोप येते का, तर आईने पदराखालून मला असा चिमटा काढला! आणि तू काय उत्तर दिलंस तेही तिने सांगितलं. तू म्हणालीस, नाही हो, आमच्यात कोणी घोरत नाही. डॉक्टरबाईंनी पुन्हा विचारलं, आईवडील, भाऊ? तर तू म्हणालीस, माहेरी पण कोणी घोरत नाही.

योगिता म्हणाली, मामी, आहेस का?

तू तसं का म्हणालीस ते मला कळतं, म्हणून राग नाही धरला. खाटेजवळ नवशी बसली होती, मुलाकडची, भावेशची आत्या. योगिताची सोयरीक अजून पक्की व्हायचीय. आई घोरते म्हटलं की उद्या लेकीचं नाव निघणार, रेडा आणला का म्हणणार. तुझ्या सासूने तुला जे ऐकवलं ते योगिताला कोणी ऐकवू नये, एवढंच तुझ्या मनात होतं. पण चंदना, तुझ्या दादाचं घोरणं पोशेऱ्यापासून सगळ्या पाड्यांना माहीत होतं. त्याचं शेत नाही राहिलं फार, फोटोही एकच, रेशन कार्डावरचा. लोकांच्या तोंडी त्याचं काय राहिलं असेल तर ते घोरणं. आणि तू, त्याच्या उशाशी बसलेली, म्हणालीस की ते नव्हतंच. मग दादाचा विचार मागे पडला आणि तू दिसायला लागलीस. अंगातलं रक्त गेलेलं, भूल दिलेली, उताणी, आणि बाहेर व्हरांड्यात योगिता आणि जिवाभाऊ डबा सोडून बसलेले, आई झोपली एकदाची म्हणून.

मी योगिताला म्हटलं, तू जाऊन डॉक्टरांना खरं सांग. ती म्हणाली, मामी, आई मला जन्मात माफ करणार नाही. मी म्हटलं बरं, राहू दे, तू नको सांगू. आणि तिने नाही सांगितलं. तिची शपथ घेऊन सांगते तुला, तिने कोणाला एक शब्द सांगितलेला नाही, तिला माहीतही नाही कोणी सांगितलं ते. तुझी पोरगी तुझं गुपित राखून बसली आहे आणि तू तिचा डबा परत पाठवतेस. हे पत्र मी त्यासाठी लिहिते आहे. तिच्याशी बोल, तिच्या हातचं जेव. सोयरीक मोडली तर माझं नाव सांग, नवशीला सांग की वहिनी वेडी आहे, विधवा आहे, पुस्तकं वाचून डोकं फिरलंय तिचं. मी येऊन तिच्यासमोर ऐकून घेईन. माझ्याशी तू बोलली नाहीस तरी चालेल, मला आता न बोलण्याची सवय आहे. दुसऱ्या दिवशी, बुधवारी, मी शेळ्या तुकाच्या घरी बांधल्या, मोखाड्याहून नाशिकची गाडी धरली, दवाखान्यात जाऊन त्या भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंना शोधलं आणि त्यांना सांगितलं की चंदना घोरते, तिचा श्वास मध्येच बंद पडतो, तिचा भाऊही असाच घोरायचा आणि तो तुमच्यासारख्याच एका दवाखान्यात झोपेत गेला. त्यांनी सगळं लिहून घेतलं. तुझ्या वॉर्डात मी आले नाही. संध्याकाळच्या गाडीने परत आले.

तुझीच,
रामी वहिनी